निबिमाच्या मुळामुळे ओबोआसे येथे उद्भवलेल्या परिस्थितीबाबत

प्रति,
मा. संचालक,
वनौषधी संशोधन संस्था,
क्वाहू विभाग, घाना

अर्जदार : ओपानिन (म्हणजे वडीलधारे) याव ओबुओबी, निवृत्त लॉरीचालक, मु. ओबोआसे, क्वाहू डोंगर

विषय : निबिमाच्या मुळातील अर्काविषयी संस्थेने जाहीर सभेत केलेल्या विधानामुळे अर्जदाराच्या घरी उद्भवलेली परिस्थिती, व त्या अनुषंगाने एका माणसाची मागणी.

संदर्भ : १) संस्थेचे पत्र, विधान मागे घेता येत नसल्याबाबत.
२) संस्थेचे पत्र, प्राण्यांसाठीचा अर्क माणसास देता येत नसल्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार विनयपूर्वक कळवितो की :

१. अर्जदाराचे उभे आयुष्य न्कोकोहून क्वाहूचा घाट चढण्या-उतरण्यात गेले. रताळी, केळी, सिमेंट, माणसे, बकऱ्या, सर्व काही त्याने वर आणले आणि कोणालाही दरीत घातले नाही. आता त्याच्या डोळ्यांत पडदा आल्यामुळे हा अर्ज तो न्यायालयाच्या आवारातील लेखनिकाकडून लिहवून घेत आहे. जी वाक्ये ज्या माणसाने जशी म्हटली तशीच लिहावीत, त्यांना इस्त्री करू नये, असा अर्जदाराचा आग्रह आहे. त्यामुळे अर्जात काही ठिकाणी घरगुती भाषा आली असल्यास क्षमा असावी.

२. अर्जदाराची पत्नी कै. साफोरोवा हिची लॉरीस्थानकासमोर खानावळ होती. कुटलेल्या कंदांचा गोळा, म्हणजे फुफू, आणि बकरीचा पातळ रस्सा. तिच्या रश्श्याला आणि जिभेला सारखीच मिरची होती, आणि चालक लोक दोन्ही खायला येत. उधार मागणाऱ्याला ती म्हणे, "आधी बस, जेव, मग रड." अर्जदाराला ती लग्नापासून "ड्रायव्हर" म्हणूनच हाक मारी. नाव घेतले की समजावे, काहीतरी बिनसले आहे.

३. तिच्या डाव्या छातीत गाठ असल्याचे तिने अर्जदारापासून बरेच दिवस लपवून ठेवले. फुफू कुटताना हात वर जाईना, तेव्हा ते उघड झाले. कुमासीच्या मोठ्या इस्पितळात जायचे ठरलेही होते. तेवढ्यात ईस्टर आला. ईस्टरला आमच्या डोंगरावर परगावी गेलेले सगळे क्वाहूकर घरी येतात, त्या गर्दीत खानावळ बंद ठेवणे तिला मान्य नव्हते. त्याच आठवड्यात शाळेच्या पटांगणावर आपल्या संस्थेची जाहीर सभा झाली. आपल्या संस्थेचे डॉ. आसिएदू यांनी ध्वनिवर्धकावर, आमच्याच बोलीत सांगितले की, तापावर आपले आजे-पणजे जे निबिमाचे पिवळे कडू मूळ उकळून पीत, त्यातून संस्थेने एक अल्कलॉइड वेगळे काढले आहे. काचेच्या ताटलीत त्याने कर्करोगाच्या पेशी मेल्या, उंदरांच्या गाठी लहान झाल्या. आणि जग ज्या औषधाच्या शोधात आहे ते कदाचित तुमच्या न्हाणीघराच्या मागेच वाढत असेल. टाळ्या पडल्या. अर्जदारानेही वाजवल्या. आपल्या डोंगराचे नाव कोणी चांगल्या कारणासाठी घेतले तर कोणाला बरे वाटणार नाही? तेच भाषण रेडिओवर पुढे आठवडाभर लागत होते.

४. अर्जदाराच्या न्हाणीघराच्या मागे निबिमाची वेल आहे. त्याच्या आईने लावलेली. सभेहून परतताना साफोरोवा वाटेतच म्हणाली, "ऐकलंस ना, ड्रायव्हर? न्हाणीघराच्या मागे, म्हणाला. आपलं न्हाणीघर कुठंय? वेल कुठंय? आता काय देवानं खाली उतरून बोट धरून दाखवायचं?" घरी येताच तिने खुरपे घेतले. त्या दिवसापासून चुलीवर दोन भांडी असत, एक गिऱ्हाइकांच्या रश्श्याचे आणि एक तिचे. मुळे उकळून उकळून तिची बोटे हळदीसारखी पिवळी झाली होती, आणि ती ती बोटे लोकांना कौतुकाने दाखवी.

५. तरीही अर्जदाराने तिला कुमासीस नेले, ही गोष्ट नोंद व्हावी. तेथील शस्त्रवैद्य बाईंनी तिला नीट तपासले, वडीलधारी म्हणून "मामे" म्हणून हाक मारली, आणि सांगितले की गाठ काढावी लागेल, नंतर शिरेतून औषध घ्यावे लागेल.

"माझ्या मामेबहिणीला इथंच कापलं," साफोरोवा म्हणाली. "परत आली ती पेटीतून."

"त्या किती उशिरा आल्या होत्या, मामे?"

"ते आता तिलाच विचारा."

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या मुळाला मी नावं ठेवत नाही. पण गाठ कुणासाठी थांबत नसते." बाहेर त्यांनी अर्जदारास एकट्याला सांगितले की काही केले नाही तर नाताळ दिसेल असे धरून चालू नका. अर्जदाराने हे परतीच्या वाटेवर पत्नीस सांगितले. ते सांगावयास नको होते की काय, हे त्यास आजही कळत नाही. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नाताळाला मला तसंही कधी सुट्टी मिळाली नाही."

६. त्यानंतर अर्जदाराने आपणांकडे पहिला अर्ज केला. त्यात एवढीच विनंती होती की, ज्या तोंडाने आणि ज्या ध्वनिवर्धकावरून हे सांगितले, त्याच तोंडाने आणि ध्वनिवर्धकावरून 'हे औषध नाही' असे एकदा सांगावे, कारण पत्नी अर्जदाराचे ऐकत नाही, पाद्रीबाबांचे ऐकत नाही, डॉ. आसिएदूंचे मात्र ऐकते. त्यावर आपले उत्तर आले की विधान शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे, त्यात 'संभाव्य' हा शब्द वापरलेला होता, सबब ते मागे घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही. उत्तर बरोबरच असणार. परंतु आमच्याकडे शिकलेला माणूस 'होऊ शकेल' म्हणाला की लोक 'होईल' ऐकतात. आणि ज्याच्या घरात गाठ आहे तो 'झाले' असेच ऐकतो. हा दोष भाषेचा की कानांचा, हे ठरविण्याची अर्जदाराची योग्यता नाही.

७. दुसऱ्या अर्जाबाबत अर्जदारास थोडा संकोच वाटतो. पहिल्या अर्जाचे काय झाले हे विचारण्यास तो आपल्या कार्यालयात आला होता. तेव्हा वाट चुकून तो मागच्या इमारतीच्या खिडकीशी गेला. आत उंदीर होते. स्वच्छ पेट्या, खाली लाकडाचा भुसा, आणि हातमोजे घातलेली एक बाई एकेका उंदराला मानेला धरून, तोलून-मापून थेंब पाजत होती. अर्जदाराला त्यावेळी आजच्यापेक्षा थोडे बरे दिसत होते. घरी त्याची बायको काळ्या पडलेल्या भांड्यात मूठ-मूठ मुळे टाकून, अंदाजाने, कडू पाण्याचे पेले रिचवत होती आणि ओकत होती. सबब त्याने अर्ज केला की, पत्नी दुसरे काही घेणारच नसेल तर निदान हेच तिला मापाने मिळावे, आणि नियमात माणूस बसत नसल्यास अर्जदाराच्या पत्नीस संस्थेच्या उंदरांत गणण्यात यावे. तिचे वजन जास्त असल्याने अर्क जास्त लागेल याची त्यास कल्पना होती, व त्याबदल्यात तिच्यापासून जे शिकावयाचे ते संस्थेने शिकून घ्यावे, असेही लिहिले होते. पत्नीची संमती घेतली होती. ती हसून हसून खोकली आणि म्हणाली, "उंदीर तर उंदीर. त्यांना खायला काय घालतात, ते आधी विचारून ये." संस्थेने सहानुभूती व्यक्त करून विनंती अमान्य केली.

८. मात्र डॉ. आसिएदू स्वतः आले. याची नोंद संस्थेत नसेल, कारण ते रविवारी, स्वतःच्या मोटारसायकलवरून, उत्तरेच्या धुळीच्या वाऱ्यात तोंडाला फडके बांधून आले. अर्जदाराची त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. साफोरोवाने आधी त्यांना बाकावर बसवून रस्सा वाढला, मग बोलू दिले.

"मामे," ते म्हणाले, "उंदरांच्या गाठी लहान झाल्या हे खरं. पण काही उंदीर गाठीनं नाही, त्या अर्कानंच मेले, हेही खरं. आणि तुम्ही उकळून पिता ते आणि आम्ही काढतो ते एक नाही."

"पण गाठी लहान झाल्या?"

"झाल्या."

"सगळ्यांच्या?"

"नाही. काहींच्या."

"काहींच्या म्हणजे कुणाच्या तरी झाल्याच की. घे, अजून रस्सा घे. किती वाळलायस, आई जेवायला घालत नाही का?"

त्यांनी पुष्कळ सांगितले. कुमासीला मी स्वतः नेतो म्हणाले. तिने प्रत्येक वेळी त्यांच्या ताटलीत मांसाचा एक तुकडा वाढला. अर्जदार त्यांना सोडावयास मोटारसायकलपर्यंत गेला आणि म्हणाला, "साहेब, ते बिनकामाचं आहे असं सरळ म्हणून टाका ना. एकच शब्द."

"ओपानिन, खोटं बोलू? उद्या ते खरं निघालं तर?" मग ते म्हणाले, "तुम्ही घाटात गाडी चालवलीत. धुक्यात पुढे रस्ता आहे का असं कुणी विचारलं, तर काय सांगायचात?"

"थांब म्हणायचो."

"मीही तेच म्हणतोय."

"तुम्ही इंजिन चालू ठेवून म्हणताय, साहेब."

त्यांनी फडके तोंडावर ओढून घेतले आणि ते घाट उतरून गेले. त्यांचे डोळे पुसण्यासारखे झाले होते, पण ते धुळीनेही असेल.

९. नाताळ गेला. साफोरोवा होती. दुसरा ईस्टर आला तेव्हाही होती. उभे राहवत नसे, पण स्टुलावर बसून पळी हलवून साऱ्या खानावळीला कामाला लावीत असे. पाहुण्या मंडळींनी तिच्याबरोबर छायाचित्रे काढली. ईस्टर उलटला आणि पाहुण्यांच्या गाड्या घाट उतरून गेल्या, त्यानंतरच्या आठवड्यात ती गेली. गाठ फुटून झालेल्या जखमेचे वर्णन अर्जदार येथे करीत नाही. ज्याने पाहिले त्यास सांगणे नको, आणि न पाहिलेल्यास सांगून उपयोग नाही. शेवटी शेवटी तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हते, तरी ती ते मूळ मागत असे, आणि चुलीपाशी जाण्याचे त्राण तिला नसल्याने ते अर्जदारच उकळून देत असे. गेली त्या सकाळी तिने त्याला नावाने हाक मारली. "याव," एवढेच. पुढचे वाक्य आलेच नाही.

१०. येथपर्यंतची तक्रार अर्जदाराच्या नशिबाची आहे, संस्थेची नाही, व तेवढ्यासाठी त्याने हा कागद खराब केला नसता. परंतु अंत्यविधीस जमलेल्या काळ्या-तांबड्या कपड्यांच्या गर्दीत लोक आपसांत म्हणत होते, "डॉक्टरीणबाईनं नाताळ सांगितला होता, हिनं ईस्टर खाल्ला. मुळानं खाऊ घातला." शोक संपण्याच्या आत दारात माणसे येऊ लागली. कोणाच्या सासूच्या गळ्याशी, कोणाच्या मुलाच्या पोटात. अर्जदार सांगे, ती गेली, अहो, तुम्हीच तिला पुरलंत. ते म्हणत, गेली, पण केव्हा गेली बघा ना. यास उत्तर काय द्यावे हे संस्थेने कळविल्यास अर्जदार पाठ करील. वैतागून त्याने एके दिवशी फावडे घेतले आणि आईची वेल मुळासकट खणून काढली. तो घाम पुसत बसला असताना शेजाऱ्यांनी ती सगळी मुळे टोपल्यांतून घरी नेली. एकीने जाताना आभारही मानले. वेल दिसेनाशी झाल्यावर गावात बोलले जाऊ लागले की ओबुओबीने ती लपवली, आता अक्राच्या व्यापाऱ्यांना विकणार.

११. आता मूळ मुद्दा. कै. साफोरोवा हिची धाकटी बहीण बिरागो न्कोको येथे शिवणकाम करते. गेल्या बाजाराच्या दिवशी ती आली, आणि बस म्हटले तरी बसली नाही.

"अकोंता, मला मूळ दे." आमच्यात मेहुणी बहिणीच्या नवऱ्याला 'अकोंता' म्हणते.

"मूळ नाही. खणून टाकलं."

"मग कुठूनतरी आण."

"कुणाला हवंय?"

ती जवळ आली. मग म्हणाली, "डोळ्यांना दिसत नाही ना तुला? मग हातानं बघ." आणि तिने अर्जदाराचा हात धरून स्वतःच्या काखेजवळ दाबला. मेहुणीच्या अंगाला हात लागणे आमच्यात बसत नाही, आणि हे या कागदावर लिहावे की नाही याचा अर्जदाराने पुष्कळ विचार केला. गाठ लहान आहे. काजूच्या बीएवढी. साफोरोवाची जेव्हा कळली त्याच्यापेक्षा पुष्कळच लहान.

अर्जदार तिला म्हणाला, कुमासीला चल, त्या बाई चांगल्या आहेत, लहान आहे तोवर चल. ती म्हणाली, "ताईला मुळाचा काहीच उपयोग झाला नाही? एवढंच सांग. तिच्या नावानं शपथ घेऊन सांग." अर्जदारास शपथ घेता आली नाही. नाताळाच्या सुमारास काही दिवस असे होते की साफोरोवा पोटभर जेवली होती, स्थानकावर कोणाच्या तरी गाडीतल्या गाण्यावर नाचली होती. ते मुळाने की तिच्या स्वभावाने, हे तिच्या नावाने शपथ घेऊन कसे सांगावे? तो गप्प राहिला, आणि त्याचे गप्प राहणे बिरागोने उत्तर म्हणून ऐकले. आमच्याकडे बाई लग्नानंतरही आईच्याच कुळाची असते. तिचा मामा, तिच्या आईकडची माणसे काय म्हणतील ते खरे. अर्जदार तर मेलेल्या बहिणीचा नवरा, दारातला पाहुणा. त्याच्या शब्दाला तेथे वजन ते किती? आणि तिचा मामा मुळाच्याच बाजूचा आहे.

दाराशी जाऊन ती वळली. म्हणाली, "तो रेडिओवरचा डॉक्टर माझ्याशेजारी कुमासीच्या गाडीत बसला, तर येते मी. ज्यानं मूळ सांगितलं तोच मला चाकूकडे घेऊन चालला, तर मला कळेल काय ते. मामाला पण कळेल. आणि नाहीच आला, तरी कळेलच."

१२. अर्जदार दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या फाटकाशी आला. पहारेकऱ्याने सांगितले की डॉ. आसिएदू पुढील अभ्यासासाठी समुद्रापार गेले आहेत आणि परत केव्हा येतील ते ठाऊक नाही.

सबब अर्जदाराची विनंती अशी की, डॉ. आसिएदू नसल्यास संस्थेतील दुसऱ्या कोणाही व्यक्तीस एका दिवसापुरते सोबत द्यावे. ती व्यक्ती विद्वान असण्याची आवश्यकता नाही. उंदरांना थेंब पाजणारी बाई आली तर फारच उत्तम, कारण तिचा हात हलका आहे हे अर्जदाराने पाहिले आहे. शिपाई चालेल. संस्थेचा पांढरा कोट मात्र अंगात असावा. माणूस देणे अशक्य असल्यास नुसता कोट द्यावा, आत बसणारा माणूस अर्जदार शोधून काढील. हे वाक्य गाळावे असे लेखनिकाने सुचविले. ते फसवणुकीचे आहे हे अर्जदारासही मान्य आहे. पण तो ते रात्रंदिवस मनात म्हणत आहे, आणि वरिष्ठांपासून काही लपवू नये असे त्यास शिकविलेले आहे.

आलेल्या व्यक्तीने मुळाविरुद्ध काही बोलण्याची गरज नाही. संस्थेचे विधान मागे घेतले असे होणार नाही. ते खरे आहे ते खरेच राहो, आणि पुढे कधी त्यातून औषध निघो. अर्जदार त्या दिवशी पुन्हा टाळ्या वाजवील. त्या व्यक्तीने फक्त बिरागोच्या शेजारी बसावे, ती गाडीतून उतरेल तेव्हा उतरावे आणि तिच्याबरोबर इस्पितळाच्या दारातून आत जावे.

गाडी येत्या सोमवारी सकाळी न्कोकोच्या स्थानकावरून सुटेल. आमच्याकडील गाड्या वेळेवर सुटत नाहीत, भरल्यावर सुटतात, हे आपणांस माहीत आहेच. खिडकीची जागा बिरागोची. तिच्या शेजारची जागा रिकामी ठेवणे स्थानकावर सोपे नाही. लोक भांडतील, चालकही भांडेल. तरी अर्जदार पहाटेच जाऊन त्या जागेवर स्वतः बसून राहील, आणि संस्थेचे माणूस दिसताच, किंवा स्वतःच्या क्षीण दृष्टीस पांढरे काही दिसताच, उठून जागा देईल.

कळावे.

सोमवारची वाट पाहत असलेला,
आपला नम्र,

(सही वाकडी आली आहे, अर्जदाराचीच आहे)
याव ओबुओबी
ओबोआसे, गुरुवार

सोबत :
१) संदर्भातील दोन्ही पत्रांच्या नकला.
२) कै. साफोरोवा हिचे कुमासी इस्पितळाचे कार्ड, शस्त्रवैद्य बाईंचे नाव मागील बाजूस. बिरागोस याच बाईंकडे न्यावयाचे असल्याने कार्ड येणाऱ्या व्यक्तीसोबत परत पाठवावे.